येरवड्याची भिंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल प्रथम आपणा सर्वांचे आभार मानतो. या मालेत माझ्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठेशाहीचा उत्तरेतील वावर असे प्रसन्न विषय आपल्यापुढे मांडले. मी मात्र आज आपल्याला एका तुरुंगात घेऊन जाणार आहे. आमच्या कार्यवाहांनी विषय ऐकल्यावर क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "साहेब, सणासुदीच्या दिवसांत हे कशाला?" त्यांच्या प्रश्नाचे उत्तर भाषणाच्या शेवटी देईन, असे मी त्यांना सांगितले आहे.

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदल्यांच्या निमित्ताने निम्मा हिंदुस्थान फिरलो. परप्रांतात एखादा मराठी माणूस भेटला की तो पहिल्या पाच मिनिटांत "आपण मूळचे कुठले?" असे विचारतोच. मी "येरवड्याचा" म्हणून सांगितले की समोरचा गालातल्या गालात हसतो. पुण्याकडच्या लोकांना त्याचे कारण सांगायला नको. येरवड्यात सरकारची दोन प्रख्यात स्थाने आहेत, एक तुरुंग आणि दुसरे मनोरुग्णालय. त्यामुळे 'येरवड्याचा' म्हटले की दोहोंपैकी कुठला, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येतो. माझे उत्तर ठरलेले असे, "तुरुंगातला. पण भिंतीच्या बाहेरच्या बाजूचा." माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते येरवडा मध्यवर्ती कारागृहात शिपाई होते आणि पुढे हवालदार होऊन निवृत्त झाले. माझे बालपण तुरुंगाच्या चाळीत, त्या उंच दगडी भिंतीच्या सावलीत गेले. इतर मुलांना शाळेची घंटा उठवी, आम्हांला तुरुंगाची उठवीत असे.

हा तुरुंग इंग्रजांनी १८७१ साली बांधला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८६९ मध्ये, बंडगार्डनजवळ मुळा-मुठेवरचा फिट्झजेराल्ड पूल पुरा झाला होता. नदीच्या अलीकडे पुणे शहर आणि लष्कराची छावणी, पलीकडे उघडा माळ. उपद्रवी माणसे शहराबाहेर पण सैन्याच्या हाताशी ठेवावीत, हा हिशेब त्यात उघड होता. पुढे शहर वाढत वाढत नदी ओलांडून आले आणि आज तो माळ भर वस्तीत आहे. कारागृहाचा एकूण परिसर सुमारे पाचशे एकरांचा. आत बराकी, कारखाने, हातमाग, छापखाना, दवाखाना, फाशी यार्ड, अतिसुरक्षेचा 'अंडा' विभाग. भिंतीबाहेर खुले कारागृह आणि शेती. मंजूर क्षमता सुमारे अडीच हजारांची, पण कैद्यांची संख्या कित्येकदा पाच हजारांच्या वर गेलेली आहे. हा आकडा कृपया ध्यानात ठेवावा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

प्रत्येक राजवटीची कुप्रसिद्धांची एक यादी असते. येरवड्याच्या बाबतीत ती १८९७ पासून सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही. त्या वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. घरझडतीच्या जुलमाने लोक संतापले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट या दोन अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर हरि चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर हे तिघे ८, १० आणि १२ तारखांना, एक दिवसाआड, याच भिंतींच्या आत फासावर गेले. एका मातेचे तीन पुत्र! सरकारी कागदांत हे तिघेही खुनी. दामोदरांनी बंदिवासात लिहिलेली आपली हकीकत मात्र सरकारच्याच दप्तरात राहिली आणि पुढे प्रसिद्ध झाली. ज्यांनी त्यांना फाशी दिले त्यांच्याच कपाटाने त्यांचा शब्द जपून ठेवला.

याच सुमारास लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेपायी येरवड्यात होते. अठरा महिन्यांची शिक्षा होती, पण सप्टेंबर १८९८ मध्ये त्यांची सुटका झाली. बंदिवासात त्यांना माक्समुल्लरांनी ऋग्वेदाची आपली आवृत्ती पाठविली होती, आणि वेदांतील आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा विचार त्या वाचनातून पुढे गेला, हे टिळकांनी स्वतःच नमूद केले आहे. दामोदरपंत फाशी जाताना त्यांच्या हातात टिळकांनी दिलेली गीता होती, असे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आमच्या चाळीतल्या वृद्ध शिपायांनाही ही गोष्ट त्यांच्या आधीच्या शिपायांनी सांगितलेली होती.

त्यानंतरचे मोठे पर्व अर्थात गांधीजींचे. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयाने त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा देताना न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला आणि तेवढीच मुदत ठरविली. गांधीजींना येरवड्यात आणले गेले. १९२३ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही रत्नागिरीच्या तुरुंगातून येथेच हलविण्यात आले. म्हणजे काही काळ हे दोन्ही पुरुष, ज्यांचे मार्ग एकमेकांना छेद देऊन जात होते, एकाच भिंतीच्या आत, एकाच सरकारचे बंदी होते. ६ जानेवारी १९२४ रोजी सावरकरांची रत्नागिरी जिल्ह्यात राहण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर सुटका झाली. त्यानंतर सहाच दिवसांनी, १२ जानेवारीच्या रात्री, गांधीजींना आंत्रपुच्छाच्या विकारासाठी ससून रुग्णालयात नेऊन त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करीत असता विजेचे दिवे गेले, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. साम्राज्याचा एक डॉक्टर साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या शत्रूचे प्राण वाचविण्यासाठी कंदिलाच्या उजेडात धडपडतो आहे, हे चित्र मला फार बोलके वाटते. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी गांधीजी मुक्त झाले.

मिठाच्या सत्याग्रहानंतर, मे १९३० मध्ये, ते पुन्हा येथे आले. या खेपेस काही काळ आपले काकासाहेब कालेलकर त्यांच्या सोबतीला होते. काकांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. पिंजणाच्या तातीला घासण्यासाठी कडुलिंबाची चारदोन पाने लागत. काकांनी एकदा सबंध डहाळीच मोडून आणली. तेव्हा गांधीजींनी त्यांना समजावले, की गरज असेल तेवढीच पाने घ्यावीत, आणि तीही झाडाची क्षमा मागून. ज्या ठिकाणी माणसालाही कोणी क्षमा मागत नसे, त्या ठिकाणचा हा संवाद आहे. आश्रमवासीयांना व्रतांविषयी जी पत्रे त्यांनी तेथून पाठविली, त्यांवर तुरुंगाचा उल्लेख ते 'येरवडा मंदिर' असा करीत. पेटीत मावणारा 'येरवडा चरखा' हीही त्याच बंदिवासाची देणगी.

१९३२ मध्ये त्यांच्या समवेत सरदार वल्लभभाई आणि महादेवभाई देसाई होते. सरदार रद्दी कागदांची पाकिटे तयार करीत आणि आपल्या पंडित सातवळेकरांच्या पाठांवरून उतारवयात संस्कृत शिकत. परंतु त्या वर्षाची स्मृती राहिली आहे ती २० सप्टेंबरला सुरू झालेल्या उपोषणामुळे. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देण्याच्या ब्रिटिश निवाड्याविरुद्ध गांधीजींनी प्राण पणाला लावले. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांपुढे केवढा पेच उभा राहिला असेल, याची कल्पना करा. एका बाजूस शतकानुशतके नाडलेल्या समाजाचा नुकताच हाती आलेला हक्क, आणि दुसऱ्या बाजूस, उपोषणाचा शेवट वाईट झाला तर त्याच समाजावर खेडोपाडी कोसळू शकणारा रोष. तुरुंगाच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली टाकलेल्या खाटेशेजारी, ही बोलणी झाली. २४ सप्टेंबरला करार झाला. संयुक्त मतदारसंघ कायम राहून प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. २६ तारखेला, रवींद्रनाथ टागोर उपस्थित असताना, उपोषण सुटले. बाबासाहेबांना या कराराचे शल्य पुढे कायम राहिले, हेही आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्यावर देशाच्या राज्यव्यवस्थेचा एक पाया उभा राहिला, असा दस्तऐवज विधिमंडळात तयार न होता कैद्याच्या खाटेशेजारी तयार व्हावा, हे जगाच्या इतिहासात विरळाच.

आता मी माझ्या डोळ्यांदेखतच्या काळाकडे येतो. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. 'मिसा'खाली पकडलेल्यांनी येरवडा भरून गेला. सरसंघचालक बाळासाहेब देवरस तेथे होते, समाजवादी होते, सर्वोदयी होते, जमाते-इस्लामीची मंडळीही होती. स्त्रियांच्या विभागात प्रमिला दंडवते होत्या, आणि त्यांचे पती मधु दंडवते बंगलोरच्या तुरुंगात. पतिपत्नींचा संसार त्या काळात दोन तुरुंगांमधल्या टपालावर चालला होता.

त्या बंद्यांमध्ये आमच्या शाळेचे गुरुजीही होते. त्यांचे नाव मी सांगत नाही, त्यांना ते आवडले नसते. एका सकाळी गुरुजी वर्गावर आले नाहीत, आणि त्या संध्याकाळी अण्णांनी घरी येऊन आईला हळू आवाजात सांगितले, "गुरुजी आमच्याकडे आलेत." पाहुणे आल्यासारखे ते म्हणाले! अण्णा नियमाने चालणारे गृहस्थ. बाहेरची चिठ्ठी आत नाही आणि आतली बाहेर नाही, हे त्यांनी नोकरीभर पाळले. गुरुजींनीही त्यांच्याकडे कधी काही मागितले नाही. पण पहाटेच्या मोजणीला अण्णा बराकीपाशी गेले की गुरुजी विचारीत, "हवालदार, पोराचे पाढे कुठवर आले?" अण्णा तेव्हा शिपाईच होते, पण गुरुजींनी त्यांना पहिल्या दिवसापासून बढती देऊन टाकली होती. पुढे हे रोजचेच झाले. रात्री अण्णा मला समोर बसवून पाढे म्हणवून घेत आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना हिशेब देत. सतराच्या पाढ्यावर मी पंधरा दिवस अडलो होतो, हे साऱ्या बराकीला ठाऊक झाले होते. अखेर एकोणतीसचा पाढा मी न चुकता म्हटला, त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा घरी आले आणि म्हणाले, "आज बराकीत टाळ्या वाजल्या." आयुष्यात मला पुढे पदोन्नती मिळाली, प्रशस्तिपत्रेही मिळाली. तशा टाळ्या पुन्हा मिळाल्या नाहीत.

परंतु बंधुभगिनींनो, भिंतीच्या आत असणारा प्रत्येक जण उद्याचा देशभक्त ठरतो, असा समज माझ्या बोलण्यावरून कृपा करून करून घेऊ नका. त्याच आणीबाणीच्या काळात, जानेवारी १९७६ पासून मार्च १९७७ पर्यंत, पुण्यात दहा खून झाले. राजेंद्र जक्कल आणि त्याचे साथीदार हे कोवळ्या वयाचे विद्यार्थी होते. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. संध्याकाळी सातनंतर पुण्यात दारे लागत. २७ नोव्हेंबर १९८३ च्या पहाटे जक्कलसह चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. शहरात समाधानाची भावना होती, आणि ती अस्वाभाविक नव्हती. अण्णांची त्या रात्री पाळी होती. सकाळी ते घरी आले, न बोलता विहिरीवर गेले आणि गार पाण्याने स्नान केले. आईने पान वाढले, ते तसेच राहिले. मी तारुण्याच्या उन्मादात म्हणालो, "बरे झाले, सुटलो एकदाचे." अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "त्यांनी केलं त्याची शिक्षा कोर्टानं दिली. ती बरोबरच असेल. पण कुणाच्या मरणाला बरं झालं म्हणायला आपण कोण?"

पुढे ९ ऑक्टोबर १९९२ रोजी जनरल अरुणकुमार वैद्यांचे मारेकरी, जिंदा आणि सुखा, येथेच फाशी गेले. महावीरचक्र दोनदा मिळविलेल्या त्या सेनापतीची पुण्यात, दिवसाढवळ्या, १० ऑगस्ट १९८६ रोजी हत्या झाली होती. आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी मुंबईवरील हल्ल्यातला जिवंत सापडलेला दहशतवादी अजमल कसाब याला येथे फाशी देऊन कारागृहाच्याच आवारात पुरण्यात आले. १६६ निरपराधांच्या रक्ताचा तो गुन्हा होता. काळ कितीही लोटला तरी कसाबचे पारडे चापेकरांच्या पारड्यात पडणार नाही. मात्र त्यालाही वकील दिला गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याची बाजू ऐकली गेली, आणि त्यानंतरच शिक्षा झाली. यात या देशाचा कमीपणा नाही, मोठेपणा आहे.

मग या सगळ्यांतून धडा कोणता घ्यायचा? माझ्या अल्पमतीप्रमाणे तो अण्णांच्या एका वाक्यात आहे. नव्या शिपायांना ते नेहमी सांगत, "कोर्टानं याला आत ठेवायला सांगितलंय. आत असणं हीच शिक्षा. तिच्यात आपल्या पदरची भर घालायची नाही." टिळक असोत की जक्कल, ज्याच्या हातात किल्ली आहे त्याने हे सूत्र पाळले पाहिजे. कारण किल्लीवाल्याला आतला माणूस उद्या कोण ठरणार, हे ठाऊक नसते. आणि ठाऊक असले तरी त्याचे काम बदलत नाही. आपल्याकडे याहून पुढे जाऊन विचार करणारेही झाले. औंधच्या राजेसाहेबांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतीची कैद्यांची वसाहत उभी केली. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागे त्याच प्रयोगाची प्रेरणा होती.

आणि आता तो आकडा. अडीच हजारांच्या जागी पाच हजार. हे पाच हजार कोण? टिळक आणि गांधी मोजके, जक्कल आणि कसाबही मोजके. बाकीच्यांची नावे कोणत्याच ग्रंथात येत नाहीत. देशातल्या तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप शाबितच झालेला नाही. बहुतेक गरीब, अल्पशिक्षित. जामीन मिळाला तरी जामीनदार मिळत नाही, म्हणून ते आत राहतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेप्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत आत काढली, तर काही अपवाद सोडता त्याला सोडण्याची तरतूद आहे. पण त्याच्या वतीने तो कायदा वाचून दाखवणारे कोणी तरी लागते.

काही वर्षांपूर्वी कार्यालयीन कामासाठी मला एका राज्यातल्या तुरुंगात जावे लागले. काम आटोपून निघालो, तेव्हा अंगणात झाडू मारणारा एक तरुण आपल्याशीच मराठीत काही पुटपुटत होता. परमुलखात, त्या जागी, आपली भाषा कानी पडली आणि पाय थबकले. मालमोटारीवर क्लीनर म्हणून आलेला, कसल्याशा प्रकरणात अडकलेला, दीड वर्ष आत असलेला मराठवाड्याचा मुलगा. लिहिता येत नव्हते, तेथली बोली नीट येत नव्हती, घरी काही कळविलेले नव्हते. मी अधीक्षकांची परवानगी घेतली आणि त्यांच्याच मेजावर बसून त्याच्या आईला पत्र लिहिले. त्याने सांगितलेला मजकूर दोन ओळींचा होता. मी जिवंत आहे, शेळी विकू नको. तीन आठवड्यांनी माझ्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आले. गावच्या शिक्षकाने लिहिलेले. 'पत्र पोचले. म्हातारी तुम्हाला आशीर्वाद सांगते. शेळी आहे.'

आता मी आमच्या कार्यवाहांच्या प्रश्नाकडे येतो. सणासुदीच्या दिवसांत हे कशाला? एवढ्याचसाठी, की आपल्या मंडळाने पन्नास वर्षे आपली भाषा या शहरात जपली. गणेशोत्सव केले, नाटके केली, ग्रंथालय उभे केले. त्या ग्रंथालयात दुहेरी प्रती झालेली, कपाटात न मावणारी शेदोनशे पुस्तके आज माळ्यावर पडून आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. या शहरातही एक तुरुंग आहे. त्याच्या भिंतीच्या आत मराठी बोलणारा एखादा तरी जीव असेल. माझी नम्र सूचना अशी, की ती पुस्तके रीतसर परवानगीने त्या तुरुंगाच्या वाचनालयास द्यावीत, आणि महिन्यातून एकदा आपल्यापैकी दोघांनी तेथे जाऊन, ज्याला हवे त्याचे पत्र लिहून द्यावे. येत्या दोन वर्षांत मी निवृत्त होईन. पहिल्या दोघांत माझे नाव घालून ठेवावे.

अण्णा आज नाहीत. गुरुजीही नाहीत. आणीबाणी उठल्यावर गुरुजी सुटले, त्या दिवशी ते थेट आमच्या चाळीत आले आणि उंबऱ्यात उभे राहून त्यांनी मला विचारले, "तिसाचा पाढा?" घरात सगळे हसले. मला मात्र तेव्हा रडू कोसळले, आणि का ते मला पुष्कळ वर्षे समजले नाही. आज वाटते, आतल्या माणसाची बाहेर कोणी तरी वाट पाहत असते आणि बाहेरच्या माणसाची आत कोणी तरी चौकशी करीत असते, एवढ्या आधारावर ती भिंत दोन्ही बाजूंच्या माणसांना सोसता येते.